लालसूचा तुंबा

आलापल्ली, २ फेब्रुवारी १९८६
परत तेच! लालसू — आमच्या लाकूडडेपोचा चौकीदार — बाटलीतला घोटभर प्यायला नि थुंकला. "तुंब्यातला नाई हा, बाबू." अरे, एकाच मडक्यातला लांदा! तांदूळ आणि कोंब आलेला मका, त्यानेच शिकवलेलं आंबवण. अर्धा त्याच्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात, अर्धा माझ्या बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत. फरक येईल कुठून?

५ फेब्रुवारी
एक बाटली फुटली. कांता म्हणते — "उडालं तुमचं सायन्स!" बायको म्हणजे!

९ फेब्रुवारी
आज त्याचे डोळे गमछ्याने बांधले. पाच द्रोण. पाचही बरोबर ओळखले! दरवेळी पहिले दोन थेंब जमिनीवर, रुखमाच्या नावाने — बायको जाऊन चार वर्षं झाली त्याची — मग जिभेवर. बाटलीतला "टोचते" म्हणे. बी.एस्सी. अर्धवट सुटली म्हणून काय, एवढं मलाही कळतं. बाटलीत गॅस कोंडतो, तुंब्याच्या पानाच्या बुचातून निघून जातो. म्हणून बाटली दिवसभर उघडी ठेवून पुन्हा दिली. तरी ओळखली! "याच्यात धूर नाई." डोकं फिरलं माझं.

१३ फेब्रुवारी
लालसू गावाला गेलाय, तुंबा माझ्याकडे ठेवून. आत काडी घालून पाहिली तर काजळीचा काळा थर! म्हणजे चव लांद्याची नाहीच, या घाणीची. सोडा, वाळू, उकळतं पाणी — तीनदा खळखळून धुतला. नवा लांदा भरला. कांता म्हणाली, "त्याले विचारलं काय?" विचारायचं काय त्यात! उपकारच केले.

२३ फेब्रुवारी
पुन्हा गमछा. दोन थेंब खाली, मग घोट. दुसरा द्रोण. परत पहिला. परत दुसरा.
"दोन्ही एकच लागते, बाबू."
जिंकलो! असा ओरडलो की कांता बाहेर आली. लालसूने गमछा सोडला. तुंब्याला नाक लावून बसला, किती तरी वेळ. मग म्हणाला, "रुखमानं चुलीवर टांगून धूर दिला होता याले. ती गेल्यावर पाण्याचा थेंब नाई घातला मी आत."
मला तिथे उभं राहवेना.

२४ फेब्रुवारी
तुंबा द्यायला गेलो. घेतला नाही. "राहू द्या, बाबू. मले आता बाटलीबी चालते."