तीन तज्ज्ञ आणि वरच्या फळीवरचा डबा

नॉर्थ यॉर्क,
टोरांटो, दि. ९ जून २०२४

ती. अरुणाआत्यास,
स्वानंदचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे सुखरूप आहोत. फोनवर विचारता येणार नाही असं एक काम आहे. तू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटतेस, आणि ज्याच्याबद्दल विचारायचं तोच समोर बसून त्या पोळ्या खात असतो.

उन्हाळ्यात कॉलेजची मुलं तिकडे विनिपेगला बेसबॉल खेळायला येतात, गावातली घरं त्यांना ठेवून घेतात, आणि तुझ्या लेकीने, गौरांगीनेही बेसमेंटची खोली एकाला दिली आहे, एवढं मला माहीत होतं. काल तिने सहज त्याचं नाव सांगितलं आणि माझ्या हातातला चहा सांडला. आत्या, कोल्टन माझा आहे!

म्हणजे असं, की ऑफिसात आम्ही काही जण एक लीग चालवतो. खेळाडू खरे, संघ कागदावरचे. होतकरू पोरं आधीच हेरून आपल्या नावावर करायची, पुढे ती चमकली की आपली कॉलर ताठ. कोल्टनला मी मार्चमध्येच घेऊन ठेवलाय. पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये मोठे क्लब त्याच्यासारखी पोरं निवडतील. पण अशा पोरांच्या क्रमवारीच्या याद्या करणाऱ्या तज्ज्ञांचा काही मेळ बसत नाही. वर्तमानपत्रवाला त्याला नववा म्हणतो. पॉडकास्टवाले दोघे म्हणतात एकतिसावा. आकडेमोड करणारी एक वेबसाइट आहे, तिथे तो चौऱ्याहत्तरावा. बॉल टाकणारा हात एकच, आणि मतं ही अशी! मी सरासरी काढली, तर अडतिसावा येतो, आणि त्यावर कुणाचाच विश्वास नाही, माझाही नाही.

तू त्याला रोज बघतेस. पोरगा कसा आहे, एवढं कळव. देवेश, म्हणजे माझा टीम लीड आणि लीगमधला कट्टर शत्रू, याला पत्ता लागू देऊ नकोस.

कळावे. लोभ आहेच, तो या स्वार्थी पत्रामुळे कमी होऊ नये.

तुझा,
स्वानंद

---

विनिपेग,
दि. १७ जून २०२४

चि. स्वानंद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. घर सोडल्यापासूनचं तुझं पहिलं पत्र, आणि तेही माझ्या गुडघ्यासाठी नाही, पाहुण्याच्या हातासाठी. असो, अक्षर सुधारलं आहे.

तुझे तिन्ही तज्ज्ञ माझ्या ओळखीचे निघाले. नागपूरला बोर्डात मी मॉडरेटर होते, म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासायचे, हे तू विसरला नसशील. वर्तमानपत्रवाला म्हणजे आमचे बुटी सर. अक्षर वळणदार दिसलं की आत काय लिहिलंय ते न वाचताच भरघोस गुण. वेबसाइटवाला म्हणजे घाटेबाई. समास सोडला नाही म्हणून अर्धा गुण कापायच्या, आणि मूल डोळ्यांसमोर असलं तरी रोल नंबरच बघायच्या. पॉडकास्टवाले दोघे तर प्रत्येक शाळेत असतात. शेजारी बसून एकमेकांचे गुण बघायचे आणि मधला आकडा टाकून चहाला जायचं.

आता नीट ऐक. एकाच पेपरला एकाने ब्याऐंशी आणि दुसऱ्याने एकेचाळीस दिले, तर आम्ही सरासरी काढत नसू. पेपर उघडून स्वतः वाचत असू. तिघांपैकी कुणी या मुलाला खेळताना पाहिलंय का, ते आधी शोधून काढ.

मी हेरगिरी करणार नाही. खेळातलं मला कळत नाही, आणि कळलं तरी सांगणार नाही. घरात दिसतं ते मात्र लिहीन. मुलगा सस्कॅचेवानमधल्या एका लहानशा गावाचा आहे. शेवटची पोळी माझ्यासाठी ठेवतो. तुझा फोन ऐकून ऐकून मला ‘आत्या’ म्हणायला लागलाय. गौरांगीच्या किचनमधली कपाटं कुणा राक्षसासाठी बांधलीत कोण जाणे. चिवड्याचा डबा मी वरच्या फळीवर ठेवते, कारण खाली ठेवला की ही बया हॉस्पिटलमधून ड्यूटी करून येते आणि उभ्या उभ्या संपवते. मला स्टूल लागायचं. कोल्टन नुसता उजवा हात वर करतो आणि डबा खाली येतो. त्याची मजुरी मूठभर चिवडा.

एक मात्र आवडत नाही. जेवताना फोनवर त्या याद्या बघतो, आणि आकडा बघून त्याची भूक ठरते. परवापासून माझ्या टेबलावर फोनला बंदी आहे.

कळावे. माझ्या लोभात उन्हाळ्यापुरता एक वाटेकरी आलाय, तेवढं चालवून घे.

तुझी,
अरुणाआत्या

---

नॉर्थ यॉर्क,
दि. २८ जून २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे चौकशी केली. बुटी सरांनी कोल्टनला एकदा पाहिलं, तेही पावसाने सामना थांबला त्या दिवशी. घाटेबाईंनी कधीच नाही. पॉडकास्टवाल्यांनी बुटी सरांचा लेख वाचला. तुझ्या मॉडरेशनला माझा सलाम!

तरीही बातमी मोठी आहे. कालच्या नव्या यादीत बुटी सरांनी त्याला चौथा केलाय. चौथा, आत्या! आज ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये देवेशने सगळ्यांसमोर ऑफर टाकली. कोल्टन त्याला द्यायचा, आणि बदल्यात तो त्याचा सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, देणार. तो मिळाला तर यंदाचा कप माझाच. आमचा कप प्लास्टिकचा आहे, पण तो वर्षभर देवेशच्या मॉनिटरशेजारी असतो आणि मला रोज दिसतो.

विकू का ठेवू? जुलैच्या मध्यापर्यंत सांगायचंय. हल्लीचं काही लिही. पोळ्यांचं लिहिलंस तरी चालेल.

आईचा तुला नमस्कार. लोभाची मागणी नेहमीचीच, पुरवठा तुझ्या हाती.

तुझा,
स्वानंद

---

विनिपेग,
दि. ८ जुलै २०२४

चि. स्वानंद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चौथ्या नंबरची बातमी इथे तुझ्या पत्राआधीच पोचली होती. संघातली मुलं आली, अंगणात आरडाओरडा झाला, शेजारीपाजारी मुलाकडे टकामका बघत होते. इतक्या लोकांनी एकदम तोंडभरून कौतुक केलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी त्याला बेसमेंटमध्ये पूर्वेकडे तोंड करून बसवलं, मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या उतरवल्या आणि वरून आणलेल्या तापल्या तव्यावर टाकल्या. पोरगा गुमान बसला होता. त्याला वाटलं, ही काहीतरी भाजी आहे. मग धुराचा अलार्म वाजला. घरातला एक वाजला की सगळे वाजतात, हे मला गौरांगीने नंतर सांगितलं. फायर ब्रिगेडचे चार धिप्पाड पुरुष बूट न काढता माझ्या किचनमधून खोकत खोकत खाली गेले. त्यांच्यातल्या एकाने कोल्टनला ओळखून त्याची सही घेतली. म्हणजे मी दृष्ट काढत असतानाच आणखी एक लागली. गौरांगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण दृष्ट उतरली नाही, किंवा मग यश डोक्यात गेलंय. मुलगा बिघडला रे. डबा काढायला सांगितला तर हल्ली स्टूल ओढून आणतो, त्यावर चढतो आणि डाव्या हाताने काढतो. एवढा ताडमाड, आणि स्टुलावर! मी म्हटलं, चौथा नंबर आला म्हणून हात वर करायचेही कष्ट नकोत का? हसला नुसता. मूठभर चिवडा पुढे केला तर नको म्हणाला. केस डाव्या हाताने विंचरतो, ही नवीच फॅशन. शर्ट बदलायला अर्धा तास लावतो. परवाचा सामना मात्र जिंकून दिला म्हणे, टाळ्यांचा आवाज रेडिओवर ऐकला.

तुला काय सल्ला देऊ? बिघडलेल्या मुलाला विकू नये, सुधारावं, असं माझं मत. पण तुमचा बाजार मला समजत नाही.

कळावे. रागावले आहे, पण तुझ्यावर नाही. तुझा वाटा शाबूत आहे.

तुझी,
अरुणाआत्या

---

नॉर्थ यॉर्क,
दि. १२ जुलै २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र एक्स्प्रेसने पाठवतोय. फोन करणार होतो, पण तुला स्पीकर बंद करता येत नाही. गौरांगीला सांगितलं तर ती त्याला तशीच हॉस्पिटलमध्ये ओढत नेईल, आणि पोरगा घाबरून काही नाही म्हणून सांगेल. तो बोललाच तर तुझ्याशीच बोलेल.

आत्या, तो बिघडलेला नाही. त्याचा खांदा गेलाय. उजवा हात वर जात नाहीये. स्टूल, डावा हात, शर्टाला अर्धा तास, सगळं तूच लिहिलंयस. आणि अशा खांद्याने तो सामने खेळतोय, कारण कोचला कळलं तर सगळ्या याद्यांना कळेल.

आता माझंही ऐक. तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात जे आलं, ते काही चांगलं नव्हतं. जगातल्या एकाही तज्ज्ञाला माहीत नाही ते मला माहीत होतं. देवेशला होकार द्यायचा, खराब माल खपवायचा आणि कप घरी आणायचा. ‘मंजूर’ असं टाइपही केलं होतं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तो चिवडा नको म्हणाला, तिथे थांबलो. एकवीस वर्षांचा पोरगा तुझा चिवडा नको म्हणतो, म्हणजे आतून किती घाबरला असेल! ते खोडून देवेशला नाही कळवलं. त्याने मला वेडा म्हटलं, आणि चार जणांनी त्यावर अंगठा दिला.

आत्या, त्याचा हात कायमचा जाऊ देऊ नकोस. लवकर विचार.

बाकी लोभ वगैरे नंतर.

स्वानंद

---

विनिपेग,
दि. २५ जुलै २०२४

चि. स्वानंद यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. जन्मभर लोकांना सांगितलं की पेपर उघडून वाचा, आणि घरातल्या पेपरवर मीच वरवर बघून ‘आळशी’ असा शेरा मारला. फार लाज वाटली.

दुपारी गौरांगी ड्यूटीवर होती. मी स्टूल गॅरेजमध्ये ठेवून आले आणि कोल्टनला डबा काढायला सांगितलं. त्याने स्टूल शोधलं. मग माझ्याकडे बघितलं. उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. एवढं मोठं लेकरू किचनच्या फरशीवर बसून हमसून हमसून रडलं रे. जून संपताना दुखायला लागलं, म्हणाला. कोचला सांगितलं तर तो घरी पाठवेल, घरी गेलं की याद्यांतून नाव जाईल, आणि नाव गेलं की आपण कुणीच नाही, असं म्हणाला.

मग मी त्याला तुझी गोष्ट सांगितली. दहावीच्या गुणवत्ता यादीत तुझं नाव नक्की येणार, असं सगळ्या कॉलनीने ठरवलं होतं. आलं नाही. तू गच्चीवर जाऊन बसलास. मी संत्रा बर्फी आधीच आणून ठेवली होती, ती घेऊन वर आले, आणि तू रडत रडत अर्धा किलो एकट्याने संपवलीस. कोल्टनने विचारलं, त्या मुलाचं पुढे काय झालं? मी सांगितलं, तो टोरांटोत कॉम्प्युटरचं काम करतो, आत्याला पत्र लिहायला विसरतो, पण धडधाकट आहे, त्याच्या कागदावरच्या संघात तू आहेस, आणि तुझा खांदा बाराशे मैलांवरून त्यानेच ओळखला. हे ऐकून जरा हसला.

दुसऱ्या दिवशी कोचला त्याने स्वतः सांगितलं. मी गाडीत बसून होते. डॉक्टर म्हणाले, स्नायू थोडा फाटलाय. ऑपरेशन नको, पण महिनोन्‌महिने बॉलला हात लावायचा नाही. आणखी दोन-चार सामने खेळला असता तर बॉल टाकायचं कायमचं विसरावं लागलं असतं. इथल्या मोसमापुरता तो संपला. क्लबने घरी जायची परवानगी दिली होती, पण गौरांगीने त्याची बॅग लपवली. ऑगस्टअखेर कॉलेजला जाईल.

तू कप सोडलास ते कळलं. बर्फी वाया गेली नाही म्हणायची.

कळावे. लोभ आज मोजून बघितला, मला वाटलं त्याहून जास्त निघाला.

तुझी,
अरुणाआत्या

---

नॉर्थ यॉर्क,
दि. २९ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज लीगचा निकाल लागला. मी शेवटून पहिला. शिक्षा म्हणून आठवडाभर देवेशच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून ऑफिसला जायचंय. तो लार्ज आणायला विसरला, म्हणून चेहरा पोटावर ताणला गेलाय आणि तो कायम हसताना दिसतो.

कोल्टनची बातमी म्हणजे, तिन्ही तज्ज्ञांचं पहिल्यांदाच एकमत झालंय. तो कुणाच्याच यादीत नाही. बुटी सरांनी दोन हळहळीच्या ओळी लिहिल्या, घाटेबाईंनी नुसती रेघ मारली. देवेश म्हणतो, आता तरी त्याची जागा रिकामी कर. मी केलेली नाही, करणारही नाही. कागदावरचा संघ आहे, जागेला भाडं पडत नाही.

त्याचं काही कळलं का? मी याद्या बघणं बंद केलंय, त्यामुळे माझ्याकडे बातमीचा मार्ग आता तूच.

लोभ चालू ठेव, पराभूतांना तो जास्त लागतो.

तुझा,
स्वानंद

---

विनिपेग,
दि. ३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

चि. स्वानंद यास,
दिवाळीचे अनेक आशीर्वाद.

सोबत चिवडा आणि चकल्या पाठवते आहे. चकल्यांतल्या काही करपलेल्या आहेत. त्या मुद्दाम घातल्यात, कारण पुढे कळेल.

परवा दुपारी दारात गाडी थांबली. कोल्टन! कॉलेज सीमेपलीकडे, अमेरिकेत, तीन तासांवर, कुणाला न कळवता आला. गौरांगीने फोनवर दिवाळी म्हटलं होतं, तेवढं त्याने लक्षात ठेवलं. बूट काढून आत आला, वाकून नमस्कार केला, वाकताना डोकं काउंटरवर आपटलं.

मी चकल्या तळत होते. चिवडा हवा म्हणून गौरांगीला हाक मारली, स्टूल आण ग. ती येईपर्यंत तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला. उजवा. हळूहळू गेला, पण पूर्ण गेला. डबा खाली आला. मग त्याने तो पुन्हा वर ठेवला आणि पुन्हा काढला, मला नीट दिसावं म्हणून. माझ्या हातातला झारा तसाच राहिला आणि घाणा करपला. रडले असते, पण सणासुदीला ते बरं दिसत नाही.

डॉक्टरांनी जानेवारीपासून हळूहळू बॉल टाकायला परवानगी दिली आहे. पुढे कुठवर जाईल ते मला माहीत नाही, आणि त्यालाही नाही. त्याने एवढंच विचारलं, की नॉर्थ यॉर्कच्या भावाच्या संघात तो अजून आहे का. मी म्हटलं, आहे. खूप वेळ हसत होता. मग स्वतःहून मूठभर चिवडा मागितला.

रात्री दृष्ट काढली. या वेळी नुसतं मीठ आणि मोहरी, तेही अंगणात. अलार्म गप्प राहिला.

गौरांगी म्हणते, डबा आता खालच्या फळीवर ठेवू या, सगळ्यांचाच त्रास वाचेल. मी साफ नाही म्हटलं. डबा जिथे आहे तिथेच राहील. तूही ये एकदा, तुझ्याकडूनही काढून घ्यायचाय. तुझी उंची मला आठवते. स्टूल गॅरेजमधून आणून ठेवलं आहे.

कळावे. डब्यात चिवडा आहे तोवर लोभ कमी पडणार नाही.

तुझी,
अरुणाआत्या