अश्वगंधेच्या मुळाशी राहणाऱ्यांच्या वतीने

दिनांक : १७ ऑक्टोबर २०२५
वेळ : सकाळी ११.४०

प्रति,
मा. संचालक,
आरोग्यमूल वनौषधी संशोधन केंद्र,
कोथरूड, पुणे.

विषय : हरितगृहातील अश्वगंधेचा चौथा वाफा आज दुपारी चार वाजता होणाऱ्या फॉर्मलिन फवारणीतून वगळण्याबाबत.

संदर्भ : १) केंद्राचे परिपत्रक क्र. १४, 'बाहेरील मातीस प्रवेशबंदी'.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, दि. ६, ८ व १३ ऑक्टोबर.

महोदय,

अर्जदार शेफाली रंगनाथ ढोबळे, एम.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), ही आपल्या केंद्रात चार वर्षांपासून प्रक्षेत्र सहायक म्हणून कार्यरत असून अश्वगंधेच्या सहा वाफ्यांची देखभाल तिच्याकडे आहे. उद्या धनत्रयोदशी. धन्वंतरिपूजन हरितगृहात व्हावयाचे असल्याने आज सर्व वाफे निर्जंतुक करण्याचा आदेश निघाला आहे. त्यांपैकी चौथ्या वाफ्याविषयी अर्जदारास पुढीलप्रमाणे निवेदन करावयाचे आहे. वाफ्यास सही करता येत नाही, म्हणून सही तिची आहे.

१. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत, श्रीमती बायडाबाई टिंगरे यांचे अकरा गुंठे रान होते. त्याच्या बांधावर अश्वगंधा कोणी न पेरता उगवत असे. गतवर्षी तेथून साठ रोपे केंद्रात आणण्यात आली. परिपत्रक क्र. १४ नुसार बाहेरची माती फाटकाच्या आत येऊ शकत नाही. म्हणून अर्जदाराने फाटकाजवळच्या नळाखाली प्रत्येक रोपाचे मूळ तीन वेळा धुतले, आणि मगच ते वाफवलेल्या नारळाच्या भुशात लावले. शेवटच्या रोपाचे मूळ इतके स्वच्छ झाले होते की ते हातात घेताना तिला संकोच वाटला. पुढे रोपे अशी तरारली की त्यांचे छायाचित्र केंद्राच्या दिनदर्शिकेवर छापले गेले. मात्र काढणीनंतरच्या तपासणीत, ज्यांच्यामुळे अश्वगंधेचे मूळ औषध ठरते ती विथॅनोलाइडे ०.१८ टक्के भरली. बायडाबाईंच्या बांधावर मागे राहिलेल्या, त्याच वयाच्या रोपांत ती ०.६१ टक्के होती. ही गोष्ट सांगावयास अर्जदार गेली असता बायडाबाई म्हणाल्या, "धुऊन नेलंस व्हय गं? आम्ही कुणाला रोप दिलं तर मुळाशी मूठभर माती ठेवूनच देतो. तू तर लेकराला अंघोळ घालून उपाशीच धाडलंस की." चार वर्षांच्या नोकरीत अर्जदाराच्या कामाचे इतके अचूक मूल्यमापन अन्य कोणी केलेले नाही.

२. मूळ एकटे नसते. आपण विषयतज्ज्ञ आहात. तरीही आदेश काढताना जे विसरले गेले ते येथे नमूद करणे भाग आहे. रोप दिवसभर उन्हातून जी साखर मिळवते तिचा काही वाटा ते मुळावाटे अंधारात सोडून देते. त्या गोडीवर जिवाणूंची एक वस्ती वसते; चिमूटभर मातीत पुणे शहरात नसतील इतके जीव. ते मुळाला चिकटतात, त्याला डिवचतात, अन्न सोडवून देतात, संकटाची वर्दी देतात. आणि त्या डिवचण्याला उत्तर म्हणून रोप आपल्या आत कडवटपणा साठवू लागते. तोच कडवटपणा आपण वाळवतो, कुटतो आणि आजाऱ्याच्या दुधात घालतो. केंद्राच्या वाफ्यांत मुळाला हाक मारणारे कोणी उरलेले नाही. तेथे रोपे हिरवी होतात, उंच होतात, आणि त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते.

३. बायडाबाईंचे रान त्यांचे पुतणे रणजित यांनी इमारतीसाठी दिले. दि. ९ ऑक्टोबर रोजी खोदकाम सुरू होणार असल्याचे कळताच बायडाबाईंनी स्वतः फोन केला : "मशीन येतंय गं गुरुवारी. माती नेतीस का तिच्यावर पाणी सोडू?" अर्जदाराने दि. ६ रोजी टेम्पो करून बांधाची अकरा पोती माती केंद्राच्या फाटकापर्यंत आणली व त्याच दिवशी आपणांकडे पहिला अर्ज केला. सुरक्षारक्षक श्री. सर्जेराव यांनी नियमाप्रमाणे पोती बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली उतरवून घेतली. ते म्हणाले, "मॅडम, इथं माणसाला पास लागतो. तुमच्या पोत्यांत किती मंडळी आहेत तेवढं सांगा, पास फाडायला बसतो." अर्जदाराने अंदाजे आकडा सांगितला. त्यांनी पासांचे पुस्तक मिटून खिशात ठेवले.

४. दि. ८ च्या दुसऱ्या अर्जावर शेरा मिळाला : 'माती निर्जंतुक केल्याचा दाखला जोडल्यास प्रवेशास हरकत नाही.' हा शेरा अर्जदाराने तीनदा वाचला. या मातीत जिवाणूंखेरीज मागण्यासारखे काहीही नाही. त्यांना मारून आणल्यास परवानगी आहे, असा त्याचा अर्थ होतो. भांडार अधिकारी श्री. श्रीनिवास यांनी सहानुभूतीने सुचविले, "अहो, 'जिवंत माती' असं कशाला लिहिता? जिवंत म्हटलं की फाइल प्राणी नीतिशास्त्र समितीकडे जाते, आणि समितीची मुदत संपलीय. 'खत' लिहा." अर्जदाराने दुसऱ्या अर्जातच 'खत' अशी दुरुस्ती केली. खतास उत्पादकाचे नाव, तुकडी क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख लागते असे उत्तर आले. उत्पादकाच्या नावापुढे तिने बायडाबाईंचे नाव घातले, तुकडी क्रमांकापुढे 'तीन पिढ्या' असे लिहिले. अंतिम तारखेचा रकाना तिला भरवला नाही. तोच दि. १३ चा तिसरा अर्ज होय. तो अपूर्ण म्हणून परत आला.

५. दरम्यान ऑक्टोबरच्या उन्हाने पत्रा तापत होता. रोज सकाळी अर्जदार पोत्यांत हात घालून पाही. हात रोज अधिक कोरडा बाहेर येई. अशा मातीतले सगळे जीव मरतात असे नाही, काही कवच करून पडून राहतात, या एका वाक्यावर तिने तो आठवडा काढला. दि. १४ रोजी दिवाळीची साफसफाई झाली. शेडखाली मुंग्या दिसल्याने श्री. सर्जेराव यांनी अकराही पोत्यांवर फिनेल ओतले. अर्जदार धावत पोचली तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "मुंग्या लागल्या होत्या मॅडम तुमच्या सामानाला. दोन कॅन संपवले, एक राहिली नाही." त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये. त्यांनी स्वच्छताच केली, जशी अर्जदाराने गतवर्षी नळाखाली केली होती.

६. त्या सायंकाळी अर्जदार नव्याने माती आणण्यासाठी विश्रांतवाडीस गेली. बांधाच्या जागी वाहनतळासाठी दोन पुरुष खोल खड्डा होता, त्याच्या तळाशी मुरूम लागला होता. वरची माती कोठे टाकली असे विचारता रणजित म्हणाले, "ताई, ट्रक कुठं रिकामे झाले ते मला तरी काय म्हाइत. भराव लागतोय सगळीकडं." बायडाबाई नव्या पत्र्याच्या कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "तू नेलेली नीट हाय ना?" अर्जदाराने होय म्हटले.

७. हे उत्तर खोटे नव्हते. ते का खोटे नव्हते, हे आता कळविणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. दि. ७ ते १३ या काळात, रविवार वगळता रोज, पहारा बदलण्याच्या वेळी अर्जदाराने शेडखालील पोत्यांतून आपल्या जेवणाच्या डब्यात माती भरली आणि ती फाटकातून आत आणली. डबा उघडून पाहण्याचा नियम नाही. दिवसाला तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत सुमारे एक किलो. ती सर्व माती चौथ्या वाफ्यात आहे. परिपत्रक क्र. १४ चा भंग अठरा वेळा झाला असून तो सर्वस्वी अर्जदाराने, एकटीने व समजून-उमजून केला आहे. दि. ८ रोजी वाफ्याच्या एका कोपऱ्यात बायडाबाईंच्याच झाडांचे बी टाकले होते. काल सकाळी तेथे एकतीस कोंब वर आले. अजून त्यांत काही सिद्ध झालेले नाही. मुळात काय उतरले ते पाच महिन्यांनी कळेल. परंतु त्या बांधावरची जी वस्ती होती, तिच्यातले जे कोणी उरले असतील, ते आज या पृथ्वीवर चार फूट लांब आणि दीड फूट रुंद अशा एवढ्याच जागेत आहेत. दुपारी चार वाजता तेथे फॉर्मलिन पडेल.

८. तरी अर्जदाराची विनंती अशी की, चौथा वाफा फवारणीतून वगळावा. पूजेच्या वेळी तो दिसू नये असे वाटल्यास त्याभोवती पडदा लावावा. पडदा अर्जदार घरून आणील. वाफा हरितगृहात ठेवणेच शक्य नसल्यास तो त्याच्या लाकडी पेटीसह उचलून केंद्राच्या कोणत्याही कोपऱ्यात, जिन्याखाली, रद्दीच्या खोलीत, कोठेही हलवू द्यावा. तेही शक्य नसल्यास तो फाटकाबाहेर नेण्याची परवानगी द्यावी. माती आत आणण्यास बंदी असली तरी बाहेर नेण्यास बंदी असल्याचे परिपत्रकात कोठेही म्हटलेले नाही. चौकशी, वेतनवाढ रोखणे, बडतर्फी, यांपैकी जे योग्य वाटेल ते अर्जदारास मान्य आहे. त्याकरिता चार वाजण्याची अट नाही, सवडीने व्हावे.

९. आपण बैठकीत असल्याने हा अर्ज वेळेत आपल्या नजरेस न पडण्याचा संभव आहे. म्हणून कळविण्यात येते की, केंद्राच्या सुरक्षा नियमांनुसार हरितगृहात मनुष्य असताना फॉर्मलिन फवारता येत नाही. अर्जदार साडेतीन वाजता आत जाईल आणि दाराला आतून कडी घालील.

आपल्या लेखी उत्तराची चौथ्या वाफ्याशेजारी वाट पाहणारी,

(सही)
शेफाली रंगनाथ ढोबळे
प्रक्षेत्र सहायक

सोबत :
१) दोन्ही ठिकाणच्या मुळांचे तपासणी अहवाल.
२) तिन्ही अर्जांच्या प्रती, शेऱ्यांसह.
३) हरितगृहाची दुसरी किल्ली. (कडी आतून असल्याने तिचा आज उपयोग होणार नाही, तरी ती केंद्राची मालमत्ता असल्याने परत करीत आहे.)
४) अर्जदाराचा सही केलेला राजीनामा. दिनांक कोरा ठेवला आहे. चौथा वाफा वगळल्याचा आदेश निघाल्यास त्यावर आजची तारीख घालावी.