दुसरी ओळ वाजेना

ती. बाबा,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवतेय.

शिलाई मशीनची सुई डाव्या हाताच्या बोटात घुसली होती, ती जखम भरली. आईला एवढंच सांगा. तुम्हाला मात्र खरं सांगते, बोट वाकेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलतं ठेव, नाहीतर आखडेल." म्हणून शेजारणीची इलेक्ट्रिक गिटार मागून आणली. तुम्ही ऑर्केस्ट्रात वाजवायचात, तीच सिनेमातली धून शिकतेय. पहिली ओळ येते, दुसरीला बोट रुसतं. एका जागी बसवत नाही. जेवतानाही ताटाच्या काठावर बोटं नाचवते.

शिलाई कारखान्यातल्या मुकादमबाई रोज विचारतात, "कामावर कधी येणार?" काय सांगू?

तुमचा गुडघा कसा आहे? आई गोळ्या घेते ना?

आज बोट वाकलं, बाबा. दुसऱ्या ओळीचा पहिला सूर फाटका निघाला, पण त्याच बोटानं निघाला. त्याच्या पुढच्या सुराला कुठलं बोट लावायचात? लगेच कळवा.

तुमची,
ठकी