रंजनी मागे आहे असे गृहीत धरून

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५. जॉर्ज टाउन, पेनांग बेट

चेन्नईहून विमान वेळेवर पोहोचले. लग्नाच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाची ही सहल — लेक ऋजुताने सिरुसेरीतल्या आयटी नोकरीच्या पगारातून दिलेली. उद्याचा पायी मार्ग आखून झाला: किल्ला, जुना बाजार, बंदराचा धक्का, पाण्यावरची लाकडी घरे. सात किलोमीटर. रंजनीने विचारले, थांबायचं कुठे तेही आखलंय का? आखले आहे. दोन ठिकाणी.

शनिवार, १ फेब्रुवारी. दुपारी १.४०

रंजनी सापडत नाही.

क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कळेल. ११.२० — बाजाराच्या गल्लीत फुलांच्या दुकानापाशी ती थबकली. मी नकाशात होतो. "अहो, येते हं," म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि चालू लागलो. कमानी, निळ्या-पिवळ्या खिडक्या, फारच देखणी गल्ली — वाटेत सगळे तिला समजावून सांगत होतो! धक्क्यावर पोहोचून वळलो. मागे एक चिनी आजोबा, हातात सायकल. वेळ १२.००.

तिचा फोन माझ्याच पिशवीत. हरवू नये म्हणून मीच घेतला होता.

बाजार दोनदा पालथा घातला. चौकीतल्या तमिळ शिपायाने साडीचा रंग विचारला. मला सांगता आला नाही. तो म्हणाला, मलाही माझ्या बायकोचा सांगता येणार नाही, पण ती हरवत नाही.

शनिवार, सायंकाळी

तीन वाजता सापडली. त्याच दुकानापाशी उभा होतो. वरच्या मजल्यावरून गाणे ऐकू आले. तिचाच आवाज — ओळखायला मला एक क्षण लागला.

वर सरोजा नावाच्या बाईंचा मुलांचा गाण्याचा वर्ग आहे. रस्त्यावर चुकलेला सूर ऐकला म्हणून ही वर गेली, आणि शिकवायलाच बसली. मध्ये दोनदा खाली येऊन पाहिले म्हणे. मी नव्हतो.

"येते म्हणालीस. मला वाटलं, मागून येते आहेस."

"मग काय, जाते म्हणू? परक्या गावात?" थोड्या वेळाने तिने विचारले, "किती वेळाने कळलं तुम्हाला?"

"चाळीस मिनिटांनी."

"आणि तोवर बोलत कुणाशी होता?"

मी जेवण मागवले. जेवण झाले.

रविवार, २ फेब्रुवारी

आज ती पुन्हा वर्गाला गेली. सरोजाबाईंना शिकवायला जोडीला कायमचे कुणीतरी हवे आहे; त्यांनी हिलाच विचारले. चेन्नईत अड्यारला असलेला हिचा गाण्याचा वर्ग माझ्या हैदराबादच्या बदलीत बंद पडला, त्याला एकोणीस वर्षे झाली — हे सरोजाबाईंनी मला सांगितले. मी रंजनीला व्हिसाचे नियम सविस्तर समजावले. तिने एकदाही मध्ये तोडले नाही. मला ते आवडले नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. अड्यार

रंजनीने सरोजाबाईंना होकार कळवला. मला विचारले नाही, सांगितले. पेनांगला निघण्याची तारीखही सांगितली.

परतीची मी विचारली नाही.