खंड्याची ताटली

आप्पा,

वनखात्याच्या लोकांबरोबर कात्रजच्या पुढच्या वाडीत सभेला चालले आहे. आमटी गॅसवर आहे, तेवढी गरम करून घ्या.

बिबट्यासाठी पिंजरा लावण्याचा अर्ज तुम्ही सांगितलात तसा लिहून टीव्हीजवळ ठेवला आहे. शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, माझी, सुनेची, मागू नका. एक बिबट्या धरून नेला की त्याच्या जागी दुसरा येतो, हे मी वाडीवाडीत सांगत फिरते. अंधार पडायच्या आत कुत्रा घरात घ्या, हेही मीच सांगते. मंगळवारी तेच सांगायला गेले होते आणि निघायच्या गडबडीत खंड्याला मागच्या दारी साखळीनं बांधून गेले. मोकळा असता तर बिबट्या आला तेव्हा निदान पळाला असता. अर्जात 'कुत्रा बांधलेला होता' एवढंच आहे. कुणी बांधला, ते तुम्ही लिहायला सांगितलं नाहीत. आज सभेत मी ते सांगणार आहे.

आणखी एक. तुम्ही रोज संध्याकाळी खंड्याच्या ताटलीत अजून दूधभाकरी कुस्करून ठेवता, ते मला दिसतं. सकाळी ताटली चाटूनपुसून साफ असते, कारण रस्त्यावरची कुत्री येऊन खातात. त्यांच्या वासानं बिबट्या पुन्हा आपल्याच दारात येईल. तेव्हा आज ऊन आहे तोवर ताटली आत घ्या.

मी दोनदा उचलायला गेले होते. मला जमलं नाही.

पूर्णिमा