हरिणीचा टॅग

शनिवार संध्याकाळ, कॅरी, अमेरिका

शिकारीचा जो टॅग, म्हणजे एका जनावरापुरता परवाना, सहज मिळतो, त्यावरचा जीव स्वस्त असतो का?

शेजारचे सुधाकरकाका डिसेंबरात शिकारीला नेणार. "एल्क म्हणजे मोठं हरीण, त्याच्या टॅगच्या लॉटरीत वर्षं जातील गं. हरिणीचा टॅग दुकानात मिळतो, तोच घे!" हरणं फार झालीत, रान संपवतायत, हे जंगलावरच्या माझ्याच प्रबंधात आहे. मग बंदूक दुसऱ्यांनीच का उचलायची?

पण तिकडे गावी बाबा वनमजूर. हरणांच्या पायांतले फास सोडवत त्यांनी मला घरातली पहिली पदवीधर केलं. लपवणं जमेना, फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "डिसेंबरात गाभण नसतात ना?"

असतात. प्रबंध लिहिणारीला सुचलंच नव्हतं.

काकांना डिसेंबर नको म्हटलं. गाभण राहायच्या आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला जायचं ठरवून हरिणीचा टॅग घेऊन आले.