पुढच्या खोलीचं बिल

४ मार्च
घरपट्टी तिप्पट! माझा दोन महिन्यांचा पगार! बिलावर ठळक लिहिलंय — पुढची खोली : व्यावसायिक वापर. कसला वापर? बाबांचं तिथलं सलून बंद होऊन तीन वर्षं झाली. हात थरथरायला लागले म्हणून वस्तरा खाली ठेवला, तेव्हापासून एक गिऱ्हाईक फिरकलेलं नाही. डोकं फिरलंय माझं.

५ मार्च
दादाला फोन केला. "भरून टाक, कशाला वाद घालतेस." शहाणाच आहे! अर्धे पाठव म्हटलं, तर साहेबांना मीटिंग आठवली.

८ मार्च
अर्धी रजा टाकून कर कार्यालयात. तीन खिडक्या फिरले. तिसरीवरची कारकून बाई माणसासारखी बोलली. एकवीस दिवसांत लेखी हरकत घ्या, सुनावणी लागेल. किंवा हरकत नोंदवून पैसे भरा आणि वर अपील करा. नाहीतर गप्प भरा. गप्प? मी? अर्ज तिथेच उभ्या उभ्या लिहिला, पोचेवर शिक्का मारून घेतला. मग तपासणीचा कागद मागितला. त्यात काय असावं! "सलून चालू. निरीक्षकाने स्वतः सेवा घेतली."

सेवा घेतली!!

घरी येऊन बाबांना विचारलं. चेहरा असा खुलला! "आला होता एक, मोजपट्टी घेऊन. मानेवर केस किती वाढलेले! म्हटलं बसा. मशिनने मागचे सारखे करून दिले. पैसे नाही घेतले हं."

"दुकान चालू आहे का, विचारलं त्याने?"

"विचारलं. चालू आहे म्हटलं."

मी इतकी ओरडले की शेजारच्या मावशी खिडकीत आल्या. आणि बाबा मलाच विचारतात, "का गं, कापल्याची तक्रार आलीय का?"

१९ मार्च
उद्या सुनावणी. रोज घोकून घेतेय — बाबा, एवढंच म्हणायचं, बंद आहे. मान डोलावतात, मग म्हणतात, "पण कुणी आलंच तर?"

कुणी येत नाही बाबा! कुणीही येणार नाही! — तोंडावर म्हटलं. बोलायला नको होतं. पण किती वेळा सांगायचं?

२० मार्च
जिंकलो! अधिकाऱ्याने विचारलं, "आजोबा, धंदा करता?" माझा जीव मुठीत. बाबा म्हणाले, "नाही. बंद केला. हात चालत नाही." एका दमात. तसं लिहून दिलं. सहीसाठी दोनदा नवा कागद घ्यावा लागला. तो निरीक्षक समोरच होता, खाली बघत. त्याला चार शब्द सुनवायचे ठरवले होते, राहूनच गेलं.

२ एप्रिल
दुरुस्त बिल आलं. बाबांना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं. आजवर स्वतःच्या गालाला दुसऱ्याचा वस्तरा लागू दिला नव्हता त्यांनी.

"कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बोलाव," म्हणाले. "माझी दाढी करायचीय."